दैत्याचें गांव आणि शहाण्यांचा महाल

२०२४ सालीं सरकारी दप्तरांत अहिल्यानगर झालेलें, पण बोलण्यांत नगरच राहिलेलें जें आमचें शहर, तेथील सुशिक्षित मंडळींत नांदूर निंबादैत्य या गांवाचें नांव निघालें कीं हशा पिकतो. वेशीपाशीं मारुती नाहीं असें गांव महाराष्ट्रांत विरळा. पाथर्डी तालुक्यांतील या गांवांत मात्र मारुतीचें देऊळ तर नाहींच, पण मुलाचें नांव मारुती ठेवीत नाहींत आणि त्या नांवाची मोटारही दारीं आणीत नाहींत. ग्रामदैवत कोण, तर दैत्य! 'केवढें हें अज्ञान!' असें म्हणून आमचे शहाणे गृहस्थ समाधान पावतात. या समाधानाचाच समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांवची कथा अशी. वनवासांत प्रभु रामचंद्र या बाजूस आले असतां निंबादैत्यानें त्यांची मनोभावें सेवा केली. तेव्हां रामानें प्रसन्न होऊन, या ठिकाणीं तुझेंच पूजन होईल, मारुतीचें होणार नाहीं, असा वर दिला. येथील दैत्य रामाचा भक्त आहे, हें हसणाऱ्यांच्या ध्यानांतच येत नाहीं. गांवानें रामकथा टाकिली नाहीं. तींत आपल्यासाठीं एक जागा मागून घेतली. जो मनुष्य दारावर 'निंबादैत्य प्रसन्न' अशीं अक्षरें रंगवितो आणि गुढीपाडव्याच्या यात्रेस पोटापाण्याचा उद्योग टाकून परगांवाहून परततो, तो त्रेतायुगाचा इतिहास शिकवूं पाहत नाहीं. 'मी या गांवचा' एवढेंच तो सांगत असतो.

आतां हसणाऱ्यांकडे वळूं. त्याच पाथर्डीच्या रस्त्यावर, शहराच्या पूर्वेस, डोंगरावर एक अष्टकोनी तिमजली इमारत उभी आहे. पाहुणे आले कीं हीच मंडळी त्यांस तेथें नेतात आणि 'हा चांदबिबीचा महाल' म्हणून दाखवितात. वस्तुतः ती कबर आहे, आणि तींत मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान विसांवला आहे. चांदबिबीनें १५९५-९६ मध्यें मोगलांपासून किल्ला राखिला आणि १६०० सालीं ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली. तिचा पराक्रम किल्ल्याच्या तटावरचा. तो शहरानें डोंगरावर नेऊन बसविला, आणि बिचाऱ्या सलाबतखानास त्याच्या स्वतःच्या कबरींतून बेदखल केलें! नांदूरच्या कथेनें कोणाचें घर तर बळकाविलें नाहीं. मग अज्ञान कोणाचें?

कोणी म्हणेल, दंतकथेचा जाच होतो त्याचें काय? आक्षेप खरा आहे. मारुतीच्या नांवाची गाडी घेतल्यामुळें रोगी येईनासे झाले, म्हणून नांदूरच्या एका डॉक्टरांस ती विकावी लागली, असें वृत्तपत्रांत छापून आलें आहे. नेवासें तालुक्यांतील शिंगणापुरास शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांस मज्जाव होता. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१६ सालीं उठला, आणि त्यामुळें गांव कांहीं बुडालें नाहीं. त्याच शिंगणापुरांत घराच्या चौकटीस कवाड न लावण्याची चाल आहे. कवाड न लावणें हें आपल्या घरापुरतें व्रत. दुसरीस पायरीवर अडविणें हा जुलूम. एकाच गांवीं, एकाच देवापाशीं हे दोन्ही प्रकार वाढले. त्यांतला कोणता राखावा आणि कोणता टाकावा, हें ठरविण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. कथा आपल्या दारावर लिहावी. दुसऱ्याच्या पायांत बेडी म्हणून घालूं नये.

शहाण्यांकडे आमची मागणी थोडकी आहे. पाहुण्यांस डोंगरावर न्याल तेव्हां सलाबतखानाचें नांव घ्या, आणि चांदबिबीची भेट किल्ल्यावर घडवा. इतकें करून खालीं उतरल्यावरही नांदूरला हसावेंसें वाटलें, तर खुशाल हसा.