दुष्काळ, जनुके आणि वऱ्हाडचे ताट

१/ समाजमाध्यमांवर एक विधान वारंवार फिरते : इंग्रजी अमदानीतील दुष्काळांनी आपल्या जनुकांवर कायमचा शिक्का मारला, म्हणून आज घरोघरी मधुमेह आहे. या विधानामागील रोष रास्त आहे. परंतु तपासून पाहिले असता त्यातील निम्माच भाग टिकतो, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी जीवशास्त्र. आहार व परिसर यांमुळे जनुकांतील अक्षरे सहसा बदलत नाहीत; कोणते जनुक किती काम करील हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. मिथाइल गट ही त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेली खूण. तिच्या घडणीसाठी फोलेट व बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात, आणि ती ताटातूनच येतात.

३/ सर्वांत प्रसिद्ध पुरावा नेदरलँड्सचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तेथील शहरांतील शिधा दररोज १,००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी निगडित जनुकावर, सख्ख्या भावंडांच्या तुलनेत, मिथाइल खुणा कमी आढळल्या. हे संशोधन २००८ चे. म्हणजे खूण सहा दशके टिकली.

४/ आपल्याकडचा पुरावा पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालके अभ्यासली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत स्नायू कमी, चरबी मात्र बरीचशी टिकून. ज्या मातांत फोलेट अधिक पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली.

५/ आता वऱ्हाड. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकन यादवीत (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापूस मुंबईमार्गे विलायतेस निघाला. पैसा आला, पण अन्नासाठी बाजारावरचे अवलंबन वाढले. १८९९ मध्ये पाऊस फसला. दुष्काळ व साथींनी पोळलेल्या त्या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली.

६/ ती झळ आपल्यापर्यंत पोहोचते का? हिशेब मांडू. १९०० साली गरोदर असलेली स्त्री, तिच्या पोटातील मुलगी आणि त्या मुलीच्या शरीरात गर्भावस्थेतच तयार झालेली स्त्रीबीजे : एका उपासमारीचा थेट स्पर्श तीन पिढ्यांना. ही तिसरी पिढी म्हणजे आपले आजी-आजोबा वा पणजी-पणजोबा. नवा जीव घडताना बहुतेक खुणा पुसून पुन्हा लिहिल्या जातात. त्यापुढेही त्या वंशपरंपरेने उतरतात, हे मानवात निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

७/ हाच हिशेब १९७२ च्या दुष्काळाला लावून पाहा. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राला त्याची अधिक झळ बसली. सुकडी आणि मिलोच्या आठवणी घरोघरी आहेत. त्या वर्षी आजीच्या पोटात असलेली मुलगी म्हणजे आज पंचविशीत असलेल्या अनेकांची आई. इतिहासाचा विद्यार्थी १९०० कडे बोट दाखवतो. आपल्याच आईच्या जन्मवर्षाकडे त्याचे लक्ष जात नाही.

८/ म्हणूनच ‘इंग्रजांनी मधुमेह दिला’ हे वाक्य मला सोयीचे वाटते. त्यातील दोषी केव्हाच निघून गेला आहे आणि आज कोणाला काही करावे लागत नाही. उलट, पुरावा सर्वाधिक भक्कम आहे तो आई आणि मूल या नात्यात, म्हणजे सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेच्या ताटाबाबत. ते ताट वसाहतकालीन नाही.

९/ अमरावतीजवळचे नांदगाव पेठ घ्या. येथे औद्योगिक वसाहत आहे, औष्णिक वीज केंद्र आहे, आता पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभे राहत आहे. वऱ्हाडचे भवितव्य पुन्हा कापसाशी बांधले जात आहे. १८६० च्या दशकात गाठींची मोजदाद झाली, ताटांची झाली नाही. या खेपेस तरी कामावर येणाऱ्या स्त्रियांना दुपारचे पूर्ण, गरम जेवण मिळावे. आदिवासी क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. तीच कल्पना औद्योगिक वसाहतींत का नको?

१०/ आणि आपले काम? विदर्भात गावोगावची कोतवाल बुके आहेत. त्यांत जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. आज त्या बहुधा जातीच्या दाखल्यापुरत्याच उघडल्या जातात. त्या दुष्काळाच्या वर्षांशी ताडून पाहता येतील. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारा : बाळंतपणाआधी तुम्ही काय जेवत होता, आणि कोणाच्या नंतर? उत्तरे लिहून ठेवा, गाव आणि साल यांसह.