पारसिकचा कातळ आणि आजचा उकाडा

मुंब्र्याचा पारसिक डोंगर आणि कल्याणजवळचा मलंगगड ज्या काळ्या कातळाचे बनले आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन जमिनीतून बाहेर पडला. दख्खनच्या या उद्रेकांतून कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडला. त्याचा हवामानावर काय परिणाम झाला, याची नोंद मात्र समुद्रतळाच्या गाळात सापडते.

समुद्रातील सूक्ष्मजीवांची चुनखडीची कवचे तळाशी थरावर थर साचतात. कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाच्या पाण्याचे तापमान कळते, तर कार्बनच्या समस्थानिकांवरून हवेत आणि समुद्रात कार्बनची किती भर पडली याचा अंदाज येतो. डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे ३ लाख वर्षे आधी समुद्र काही अंशांनी तापल्याचे या गाळातून दिसते. अनेक संशोधक त्याचा संबंध दख्खनच्या उद्रेकांशी जोडतात. पुढे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पुन्हा प्रचंड कार्बन बाहेर पडला. पृथ्वी ५ ते ६ अंश सेल्सिअसने तापली आणि खोल समुद्रातील चुनखडी विरघळली. घडी पुन्हा बसायला लाखाहून अधिक वर्षे लागली.

पृथ्वी पूर्वीही तापली होती, तर आज काळजी कशाची? वेगाची. तेव्हाचा कार्बन हजारो वर्षांत सुटला. आज कोळसा, तेल आणि वायू जाळून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. हा वेग तेव्हाच्या सुमारे दहापट असल्याचा अंदाज आहे. पोटॅशियम सलाईनमधून सावकाश दिले तर ते औषध ठरते. तेवढेच एकदम शिरेत टोचले तर हृदय बंद पडू शकते.

शरीराचेही तसेच. उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि त्या सवयीलाही मर्यादा असते. ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने बळी गेले, ते याच पट्ट्यात. म्हणून बांधकामाची जड कामे सकाळी उरकणे, मजूर नाक्यांवर आणि रिक्षा थांब्यांवर सावली-पाण्याची सोय करणे ही आरोग्यसेवाच आहे. उन्हात कोणी बरळू लागले वा शुद्ध हरपू लागली, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.