पूज्य नाव आणि पुरावा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, अॅक्युपंक्चर भारतात आणले. लुधियान्यात तर या उपचाराचे रुग्णालयच कोटणीसांच्या नावाने उभे राहिले. कोटणीस स्वतः मात्र शल्यचिकित्सक होते. त्यांच्या त्यागाचे पुण्य सुयांच्या खात्यावर जमा करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे.

पुराव्याची वाट वेगळी असते. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना उतार पडला; बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुयांनी बरे वाटले हे खरे. परंतु बिंदूंच्या सिद्धान्ताला त्यातून आधार मिळाला नाही. उपचार होत असल्याची जाणीव आणि अपेक्षा यांचा त्यात किती वाटा, हा प्रश्न उरतोच.

म्हणून परंपरा टाकाऊ ठरते काय? तसेही नाही. मलेरियावरील औषध शोधताना तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंग यांचा ग्रंथ पुन्हा वाचला. त्यात वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी त्या ओळीतून ताडले, कमी तापमानाला अर्क काढला, तो आधी प्राण्यांवर व मग माणसांवर तपासला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली नोबेल पारितोषिकही. येथे ग्रंथाने दिशा दाखवली. निवाडा प्रयोगाने केला.

साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद परका नसावा. संहितेचे बारकाईने वाचन करणे वेगळे आणि ती प्राचीन म्हणून तिला प्रमाण मानणे वेगळे. हाच निकष आपल्या आयुर्वेदालाही लावावा लागेल. तेथे मात्र आपली लेखणी अडखळते, असे आम्हांस दिसते. कोटणीसांच्या स्मारकापुढे नतमस्तक व्हावे; औषधापुढे मात्र प्रश्न घेऊनच उभे राहावे.