ज्यांना कबर मिळाली नाही

घरातले माणूस आजारपणात गेले, तर निदान निरोप घेता येतो. गुसल, कफन, जनाजा, मूठभर माती... या प्रत्येक पायरीवर दुःखाला थोडी वाट मिळते. पण ज्यांना पुराने, समुद्राने किंवा कोसळलेल्या इमारतीने नेले, त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला कित्येकदा यातले काहीच येत नाही. त्यांनी सबर कसा करायचा? आणि शुक्र कशाचा?

कोकणाला हा प्रश्न जुना आहे. १७ जुलै १९४७ च्या सकाळी ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ऐन पावसाळा, गटारी अमावस्येचा दिवस आणि रमजानही तोंडावर आलेला. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळेपर्यंत कित्येक तास उलटले. अनेकांची मय्यत घरी आलीच नाही.

अशा घरांना दीनने एकटे सोडलेले नाही. बुडून मरण पावलेल्या आणि ढिगाऱ्याखाली दबून गेलेल्या मोमिनाला पैगंबर (स.) यांनी शहीदांमध्ये गणले आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत आणि शाफई मसलकात गायबाना नमाजे-जनाजाची मुभा आहे. हनफी मसलकात ती नाही. पण मगफिरतीची दुआ कुठूनही, केव्हाही करता येते. दुआला कबरीचा पत्ता लागत नाही.

सबर म्हणजे डोळे कोरडे ठेवणे, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. लहानग्या इब्राहीमच्या निधनाच्या वेळी खुद्द पैगंबरांचे (स.) डोळे भरून आले होते. मूता येथे हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची खबर आली, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, असे त्यांनी इतरांना सांगितले. म्हणजे रडणाऱ्याला रडू द्यायचे आणि चूल शेजाऱ्यांनी पेटवायची. आज मात्र कित्येकदा उलटेच दिसते. मय्यतीच्या घरातल्या बायाच पाहुण्यांच्या चहा-जेवणात अडकतात. रीत म्हणून चाललेले हे ओझे आपण जमातीतच बसून कमी करायला हवे.

आता शुक्राचे. मृत्यूबद्दल आनंद माना, असे कोणी सांगत नाही. शुक्र करायचा तो ते माणूस आपल्याला मिळाले याचा. आईच्या हातच्या भाकरीचा, भावाने शाळेत पोहोचवले त्या दिवसांचा. माणूस अल्लाहची अमानत होते. अमानत परत गेली, पण ती आपल्याकडे होती तेवढी वर्षे कोणी काढून घेतलेली नाहीत.

आणखी एक शुक्र माणसांचा. त्या दिवशी रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. बुडणारे दिसताच त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि जागा करून सुमारे पंचाहत्तर जणांना वर घेतले. कोणाचा धर्म विचारायला तिथे वेळ नव्हता, आणि गरजही नव्हती. ‘रामदास’ची आठवण सांगताना या कोळ्यांचे नाव वगळले, तर आठवण अपुरी राहते.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावतो. या महिन्यात घरातल्या मोठ्यांनी मुलांना एक वेगळा धडा द्यावा. आपल्या कुटुंबातून अचानक गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एक चांगली सवय सांगावी आणि त्याच्या नावाने सदका द्यावा. पाण्याची सोय असो की एखाद्या मुलीची फी. मुलांना पोहायला शिकवा. गच्च भरलेल्या होडीत चढू नका आणि ती का भरली, हेही विचारा. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची आपली शिकवण आहे. असा प्रश्न विचारणे तकदीरशी भांडण ठरत नाही.

अल्लाह सर्व मरहूमांची मगफिरत करो आणि मागे राहिलेल्यांना सबर व सुकून देवो. आमीन.