औषध पोटात जाते, रक्तात पोहोचते काय?

औषधसंशोधन म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर नवे रसायन किंवा नवी लस उभी राहते. जुन्याच औषधाची गोळी अधिक नीट कशी घडवावी, या खटाटोपाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः रोग्याचे बरेवाईट पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते. क्षयरोगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड ही उपचाराची दोन मुख्य अस्त्रे. रोग्याने एक औषध घेऊन बाकीची टाकू नयेत, म्हणून ती एकाच गोळीत एकत्र करण्याची युक्ती निघाली. युक्ती उत्तम, परंतु जठरातील आम्लात आयसोनियाझिडच्या सान्निध्यात रिफाम्पिसिनचा ऱ्हास अधिक वेगाने होतो, असे आढळून आले. सोयीसाठी शेजारी बसविलेला सोबतीच घात करू लागला! रक्तात औषध अपुरे पडले तर रोग हटत नाही. उलट जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच औषध रक्तात पुरेसे उतरते हे सिद्ध झालेल्या संयुक्त गोळ्याच वापराव्यात, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्येच दिला होता. दोन्ही औषधे निरनिराळ्या थरांत ठेवावीत, एक जठरात व दुसरे आतड्यात सुटावे, असे उपाय संशोधकांनी पुढे सुचविले.

बालरुग्णांची कथा तर अधिक करुण होती. वर्षानुवर्षे मोठ्यांच्याच गोळ्या फोडून, कुटून, अंदाजाने मुलांच्या तोंडी घातल्या जात. 2015 च्या डिसेंबरात मुलांच्या वजनाला जुळणारी, पाण्यात चटकन विरघळणारी व फळाच्या चवीची गोळी जाहीर झाली. तीत 75 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन, 50 मिलिग्रॅम आयसोनियाझिड व 150 मिलिग्रॅम पायराझिनामाइड होते. नवे रसायन एकही नव्हते. नवी होती ती केवळ घडण. तेवढ्यानेच आईच्या हातातील अंदाज संपला.

मग आमच्याकडे उणीव कोठे आहे? एप्रिल 2017 मध्ये केंद्र सरकारने नियम दुरुस्त केले. पाण्यात कमी विरघळणाऱ्या वर्गांतील औषधांची तोंडाने घ्यावयाची गोळी नव्याने काढू पाहणाऱ्याने ती मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते हे दाखविले पाहिजे, असे त्यांत ठरले. रिफाम्पिसिन याच वर्गातले. पाऊल स्तुत्य होते, यात शंका नाही. परंतु ही अट नव्या परवान्याच्या अर्जाला लागते. त्यापूर्वी परवाना मिळवून बाजारात रुळलेल्या गोळ्यांचे काय? रोगी गोळीवरील परवान्याची तारीख पाहून ती गिळत नसतो.

उत्पादनाचे परवाने राज्ये देतात. वेर्णे व कुंडई येथील औषध कारखान्यांमुळे गोव्याचा या व्यवसायात मोठा वाटा आहे. तेव्हा गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जुन्या परवान्यांची छाननी स्वतःहून आरंभावी, निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत आणि इतर राज्यांना धडा घालून द्यावा. यात उत्पादकांना खर्च पडेल, हे खरे. पण जी गोळी रक्तात पोहोचतच नाही, तिची खरी किंमत अखेर रोगीच मोजतो, आणि ती रुपयांत नसते.