रंगाच्या खुणेवांचून ओळख

पूर्वीं धोबी प्रत्येक घरच्या कपड्यांवर खूण करीत असे. घरांतील आजीबाईंस मात्र कोणाचें धोतर कोणतें, हें खुणेवांचूनच कळे. आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, परीक्षेंत सध्यां असाच प्रश्न उभा आहे; तो आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

डीएनएचे दोन पदर एकमेकांस नेमके जुळतात. १९९५ सालीं अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठांत पॅट्रिक ब्राऊन व त्यांचे सहकारी यांनीं या गुणाचा उपयोग करून कांचेच्या पट्टीवर, रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें, ओळखीचें डीएनए मांडलें. तपासावयाच्या नमुन्यास चमकणारा रंग जोडावयाचा. तो ज्या ठिपक्यास जुळेल, तेथें लेसरखालीं प्रकाश दिसावयाचा. अशा पट्टीवर हजारों जनुकें एकदम तपासतां येतात. परंतु रंग जोडण्याचा खटाटोप आणि प्रकाश वाचणारें महागडें यंत्र, हीं मोठ्या प्रयोगशाळांसच परवडतात.

मग डीएनएनें स्वतःच आपली ओळख कां देऊं नये? त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो येथील एमिल पालेचेक यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं, डीएनए विद्युदग्रावर स्वतःच विजेचा संकेत देतें. त्याच्या चार घटकांपैकीं ग्वानीन सर्वांत सहज इलेक्ट्रॉन सोडतें, व तो प्रवाह मोजतां येतो. अडचण एवढीच कीं, विद्युदग्रावर आधीं बसविलेल्या पदरांतहि ग्वानीन असतें; मग संकेत कोणाचा मानावा? १९९८ सालीं जोसेफ वांग प्रभृतींनीं त्या पदरांत ग्वानीनऐवजीं इनोसिन घातलें. तेंहि सायटोसिनशीं जुळतें, पण ग्वानीनच्या संकेताच्या जागीं मूक राहतें. आतां संकेत उमटला, तर नमुन्यांतील जोडीचा पदर येऊन जुळला असें समजावें.

या पद्धतीस मर्यादाहि आहेत. संकेत क्षीण असतो. भलतीं द्रव्यें विद्युदग्रास चिकटून फसवितात. आणि हजारों ठिपक्यांचे प्रवाह वेगवेगळे मोजणें सोपें नव्हे. म्हणून रंगीत पट्टीची जागा ती सर्वस्वीं घेईल, असें म्हणणें धाडसाचें होईल.

परंतु लहान गांवच्या डॉक्टरास हजार प्रश्न नसतात. समोरच्या रोग्याच्या अंगांत अमुक जंतु आहे कीं नाहीं, एवढेंच त्यास हवें असतें. मधुमेही मंडळी घरीं रक्तांतील साखर ज्या चिमुकल्या पट्टीनें मोजतात, तीहि बहुधा विद्युत्-रसायनावरच चालते. डीएनएच्या परीक्षेस तीच वाट सांपडली, तर निदानासाठीं कित्येकांची शहरापर्यंतची पायपीट वांचेल. या संशोधनाचें खरें मोल तेथें आहे.