झेड ड्राइव्ह गेला कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि कर्जत-खोपोलीतली छोटी दुकानंही विंडोज ११वर गेली. तेव्हापासून माझ्याकडे एकच तक्रार येते: शेअर केलेला ड्राइव्ह दिसत नाही.

कर्जतच्या एका फोटो स्टुडिओत तर कमालच. लग्नाच्या फोटोंचा झेड ड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो, मोबाइलवरही उघडतो, पण अल्बमच्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नाही. (दादा तोवर पेनड्राइव्ह घेऊन फेऱ्या मारतायत.) सॉफ्टवेअर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडत होतं, आणि विंडोज अ‍ॅडमिनचे ड्राइव्ह वेगळे धरतं. शॉर्टकटमधली ती टिक काढा, नाहीतर झेडऐवजी सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पत्ता टाका.

एक्सप्लोररमध्येच दिसत नसेल तर मामला वेगळा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनापासवर्डचं ‘गेस्ट’ शेअरिंग बंद आहे. बरेच व्हिडिओ ते परत चालू करायला सांगतात, वर जुनं एसएमबी १ही. नका करू! जून २०१७मध्ये आपल्याच रायगडात, जेएनपीटीतलं एक टर्मिनल ज्या नॉटपेट्यामुळे अडलं, तो पसरायला एसएमबी १मधलंच भोक वापरायचा. स्टोरेज बॉक्सवर युजर आणि पासवर्ड बनवा, दहा मिनिटांचं काम आहे. बॉक्स एसएमबी १शिवाय चालतच नसेल, तर फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा आणि बॉक्स बदला.